रक्त वाढलं नव्हतं, ताई

लॅबमधल्या ताई,
सप्रेम नमस्कार.

नावानं तुम्ही मला ओळखणार नाही. सप्टेंबरात तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठ वर्षांची पोर घेऊन आलेला, रिपोर्ट पाहून उगाच खूश झालेला बाप तो मी.

डेंग्यूच्या तापाचा पाचवा दिवस होता. सकाळी लेकीचं अंग गार लागलं आणि मला वाटलं, सुटलो. सोयाबीन सोंगणीला आलं होतं, मजूर ठरलेले. सुट्टी मागायच्या तयारीतच होतो. पोरगी पोट दुखतं म्हणत होती, दोनदा उलटीही झाली, पण त्याचा दोष आम्ही पपईच्या पानांच्या रसाला दिला. (तो कोणी पाजायला लावला ते लिहीत नाही, घरात भांडण होईल.)

फोनवर जो तो एकच विचारे, प्लेटलेट किती? कापसाचा भाव विचारावा तसं. त्या ९२ हजारांवरून ६१ हजारांवर आल्या होत्या. पण त्याच कागदावर हिमोग्लोबिन १२ चं १४.६ झालेलं दिसलं आणि मी तुमच्या खिडकीत म्हणालो, "बरं झालं, रक्त तर वाढलं!"

तुम्ही काही बोलला नाहीत. जांभळ्या झाकणाची ती बारकी नळी परत उचलली, हलक्या हातानं चार-सहा वेळा उलटीपालटी केली, पुन्हा मशीनला लावली. मग रजिस्टरातली परवाची ओळ काढून हिमॅटोक्रिटवर, म्हणजे रक्तात शेकडा किती भाग लाल पेशींचा त्या आकड्यावर, बोट ठेवलंत. तेव्हा ३६, आता ४४.

"भाऊ, रक्त नाही वाढलं. चुलीवर वरण आटून घट्ट झालं, तर डाळ वाढली म्हणता का?"

नसांतलं पाणी बाहेर झिरपतंय, आणि डेंग्यूत ताप उतरतानाच हे होतं, एवढं सांगून कागद माझ्या हाती न देता तुम्ही स्वतःच वॉर्डाकडे निघालात. जवळजवळ धावतच.

पुढचं डॉक्टरांनी केलं. हिमॅटोक्रिट पहिल्यापेक्षा २० टक्के किंवा त्याहून जास्त चढलं म्हणजे गळती धरायची, असं ते म्हणाले. सलाईनचा वेग बदलला, १०८ ला सांगून ठेवलं, एसजीओटी, म्हणजे यकृताला किती मार बसला ते दाखवणारा रक्तातला आकडा, तपासायला लावलं. ते २१० निघालं. हजारापर्यंत गेलं तर आजार गंभीर समजतात म्हणे. कोणताही एक आकडा पुढचं भविष्य सांगत नाही, सगळे मिळून आणि लेकराच्या तोंडाकडे पाहून ठरवावं लागतं, हे तुम्ही मला नंतर समजावलंत. दर सहा तासांनी रक्त. सुई पाहिली की पोरगी किंचाळायची, आणि तुम्ही दर वेळी तिला कोणता हात ते विचारायच्या.

दुसऱ्या दिवशी रात्री हिमॅटोक्रिट ४१, मग ३७. तिनं भरपूर लघवी केली त्याचा इतका आनंद होईल असं कधी वाटलं नव्हतं. सलाईनही लगेच कमी केलं. झिरपलेलं पाणी नसांत परतताना जास्तीचं सलाईन छातीत साठतं, हेही तिथंच कळलं.

घरी आल्यावर पहिल्यांदा कूलर उलटा केला. उन्हाळ्यापासून त्याच्या टाकीत पाणी तसंच होतं, डासांच्या अळ्या वळवळत होत्या. आमचंच पाप.

त्या रात्री तुम्ही तुमचा डबा लेकीच्या आईला दिलात, तो आमच्याकडेच राहिला. तूर निघाली की डाळ भरून आणून देतो. नाही म्हणू नका.

आपला,
वॉर्डातल्या शेवटच्या खाटेवरल्या पोरीचा बाप