‘सोशल नेटवर्क’चा अभ्यास फेसबुकच्या आधीचा

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतील सोशल नेटवर्कच्या अभ्यासकांविषयीचा लेख वाचला. असा विषय निवडल्याबद्दल आभारच मानायला हवेत. परंतु लेखात या मंडळींना सरसकट ‘फेसबुक आणि ट्विटरचे प्राध्यापक’ म्हटले आहे आणि ही ज्ञानशाखा जणू मोबाइलबरोबरच जन्माला आली, असा समज त्यातून होतो. या शाखेत ‘सोशल नेटवर्क’ म्हणजे माणसांच्या परस्परसंबंधांचे जाळे. कोणाचे कोणाशी जमते आणि कोण एकटे पडते, याचे ठिपके आणि रेषांचे नकाशे मनोविकारतज्ज्ञ जेकब मोरेनो यांनी १९३० च्या दशकातच काढले होते. या विषयाला वाहिलेले स्वतंत्र संशोधन नियतकालिक १९७८ पासून निघते. फेसबुक आले २००४ साली.

लेखात ज्यांचा नुसता नामोल्लेख आहे, त्या मार्क ग्रॅनोव्हेटर यांची कारकीर्दच या गैरसमजाला पुरेसे उत्तर आहे. प्रिन्स्टन विद्यापीठातून इतिहासाची पदवी घेऊन ते हार्वर्डमध्ये समाजशास्त्राकडे वळले. तेथे त्यांना हॅरिसन व्हाइट हे गुरू लाभले, जे स्वतः आधी भौतिकशास्त्रात डॉक्टरेट मिळवून मग समाजशास्त्रात आले होते. (इतिहासाचा विद्यार्थी आणि भौतिकशास्त्राचा गुरू ही जोडी आजच्या प्रवेश-नियमांत कितपत बसली असती, अशी शंका मनात येतेच.) ग्रॅनोव्हेटर यांनी १९७० मध्ये पूर्ण केलेल्या प्रबंधाचा प्रश्न वरवर अगदी साधा होता: माणसाला नोकरी कशी मिळते? बोस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकतीच नोकरी बदललेल्या व्यावसायिक, तांत्रिक आणि व्यवस्थापकीय पेशातील माणसांना त्यांनी हा प्रश्न विचारला. शंभर जणांना प्रत्यक्ष भेटून आणि आणखी १८२ जणांना टपालाने प्रश्नावली पाठवून त्यांनी ही माहिती गोळा केली. संगणकावर आपोआप साठत जाणारी विदा (डेटा) तेव्हा नव्हती.

या मुलाखतींतील एक बारीकसा तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. सध्याच्या नोकरीची खबर मित्राकडून मिळाली का, असे विचारले की उत्तर देणारे वारंवार दुरुस्ती करीत: मित्र नव्हे, नुसती ओळख. दुसऱ्या कोणी ही दुरुस्ती कानाआड केली असती. ग्रॅनोव्हेटर यांनी मात्र नोकरी सांगणाऱ्या त्या माणसाशी किती वेळा भेट होत होती, हेही मोजले. ओळखीतून नोकरी मिळालेल्या ५४ जणांपैकी केवळ ९ जण त्या व्यक्तीला आठवड्यातून किमान दोनदा भेटत होते. ३० जणांची भेट अधूनमधून होई, तर १५ जणांची वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी. कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही. आपले जिवलग मित्र एकमेकांचेही मित्र असतात, त्यामुळे त्यांना ठाऊक असलेली बातमी बहुधा आपल्यालाही ठाऊकच असते; तोंडओळखीचा माणूस मात्र दुसऱ्याच वर्तुळात वावरतो आणि तिथली खबर इकडे आणतो. दोन वर्तुळांना सांधणारा पूल जवळपास नेहमीच अशा सैल धाग्याचा असतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

हा विचार मांडणारा लेख त्यांनी १९६९ मध्ये अमेरिकेतील एका अग्रगण्य समाजशास्त्रीय नियतकालिकाकडे पाठवला आणि तो साभार परत आला. पुढे त्यात फेरफार करून त्यांनी तो दुसरीकडे दिला. तेथे तो १९७३ मध्ये छापून आला आणि आज समाजशास्त्रात सर्वाधिक उद्धृत होणाऱ्या लेखांत त्याची गणना होते. दरवर्षी इतके लेख छापून आलेच पाहिजेत, अशा हिशेबाने प्राध्यापकाची किंमत ठरवणाऱ्यांनी मधली ती चार वर्षे कोणत्या रकान्यात टाकली असती, कोण जाणे.

जमाव कसा वागतो याविषयीचे त्यांचे १९७८ मधील काम तर नोकरीच्या प्रश्नापासून बरेच दूरचे आहे. समजा, एका चौकात शंभर माणसे जमली आहेत. पहिला कोणाचीही वाट न पाहता दगड मारणारा, दुसरा एकाने मारल्यावर मारणारा, तिसरा दोघांनी मारल्यावर, असे शंभराव्यापर्यंत. येथे दंगल पेटणार. आता यांतील फक्त दुसरा माणूस बदला आणि त्याच्या जागी दोघांनी मारल्याशिवाय हात न उचलणारा आणा. एक दगड पडेल आणि सारे शांत होईल. दोन्ही जमाव स्वभावाने जवळजवळ सारखे. पण वार्ताहर पहिल्याला माथेफिरूंचा जमाव म्हणेल आणि दुसऱ्याची बातमीही होणार नाही. समाजमाध्यमांवरील झुंडींविषयी आज जे लिहिले जाते, त्यातील बराचसा भाग या उदाहरणात आधीच येऊन गेला आहे.

आर्थिक व्यवहार नात्यागोत्यांत आणि ओळखीपाळखीत रुतलेले असतात, हे सांगणारा त्यांचा लेख १९८५ चा, आणि त्याच विचाराचा विस्तार करणारा ग्रंथ आला तो २०१७ मध्ये. मधल्या काळात, १९९५ साली, ते स्टॅनफर्ड विद्यापीठात दाखल झाले.

समाजमाध्यमांचा या शाखेशी संबंधच नाही, असे माझे म्हणणे नाही. लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी सदस्यांवरील प्रयोगांचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा सैल ओळखीचा उपयोग खरा ठरला. मात्र सर्वांत सैल नव्हे, तर मध्यम सैल ओळखी नोकरी बदलण्यास अधिक साहाय्यभूत होतात, अशी दुरुस्तीही त्याबरोबर झाली. परंतु येथे समाजमाध्यम हे मोजण्याचे साधन आहे. अभ्यासाचा विषय माणसांचे परस्परसंबंध हाच आहे.

मराठीत ‘समाजमाध्यम’ हा शब्द चांगला रुळला आहे. फेसबुकसारख्या सेवांसाठी तो वापरावा आणि माणसांच्या संबंधांच्या जाळ्यासाठी ‘सामाजिक जाळे’ असे वेगळे लिहावे, म्हणजे ‘सोशल नेटवर्क’ या एकाच शब्दाखाली दोन्ही गोष्टी कोंबाव्या लागणार नाहीत. पुढच्या पुरवणीत एवढी दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला विश्वासू,
समाजशास्त्राचा एक निवृत्त अध्यापक