लहान मुलांना उकळत्या पाण्याचा वाफारा नको

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर लागला की नागपुरात घरोघरी मुलांची नाके चोंदतात, आणि गॅसवर पाण्याचा गंज, म्हणजे मोठे पातेले, चढतो. त्यात बोटभर बाम पडतो, मुलाच्या डोक्यावरून दुलई ओढली जाते आणि ‘तोंड उघडून श्वास घे’ असा दम दिला जातो. या वाफाऱ्याविषयी मी अतिशय कळकळीने लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात आमच्या शेजारच्या सहा वर्षांच्या मुलाला असाच वाफारा दिला जात होता. स्टुलावर गंज, समोर खुर्चीत मूल. त्याला खोकल्याची उबळ आली, गुडघ्याचा धक्का स्टुलाला लागला आणि ते उकळते पाणी त्याच्या दोन्ही मांड्यांवर सांडले. वर दुलई असल्यामुळे काय झाले हे आईला किंकाळी ऐकूनच कळले. कुणी टूथपेस्ट आणली, कुणी हळद. मी त्याला उचलून न्हाणीघरात नेले आणि नळाखाली धरले, कारण भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे साधे गार पाणी वाहू देणे हाच त्या वेळचा खरा उपचार असतो. सर्दी आठवडाभरात आपोआप गेली. मांड्यांवरचे व्रण अजून आहेत.

वाफेने थोडा वेळ मोकळे वाटते हे मी नाकारत नाही, परंतु तिने सर्दी लवकर बरी होते असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही. कफ हा बहुतांशी पाणीच असतो आणि धूळ व जंतू अडकवून बाहेर काढणे हे त्याचे काम असते, त्यामुळे तो आटवण्यापेक्षा पातळ ठेवणे महत्त्वाचे. मुलाला घोट घोट कोमट पाणी, वरणाचे गरम पाणी देत राहावे. तान्ह्या बाळाला नाक चोंदले की दूध ओढता येत नाही. त्याच्यासाठी पाजण्यापूर्वी दोन्ही नाकपुड्यांत सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब घालावेत, ते कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतात. एक वर्षावरील मुलाला रात्री चमचाभर मध दिल्यास खोकला शमतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र तो चाटवूही नये, मग घरातल्या वडीलधाऱ्यांचा कितीही आग्रह असो. मोठ्यांनी जलनेती करावी, म्हणजे मिठाच्या पाण्याने नाक धुवावे, पण उकळून गार केलेल्या पाण्याने, लिटरला नऊ ग्रॅम मीठ घालून. नळाचे पाणी थेट नाकात घेऊ नये. नाक मोकळे करणाऱ्या औषधी थेंबांनी लगेच आराम पडतो, परंतु ते पाच दिवसांहून अधिक वापरले तर नाक उलट जास्तच चोंदू लागते.

औषधांबाबत तर आपल्या शहराला वेगळे सांगायला नको. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या विषारी सिरपमुळे मूत्रपिंडे निकामी झालेली छिंदवाड्याची मुले येथल्या रुग्णालयांत आणली गेली, आणि त्यांतली कित्येक घरी परतली नाहीत. त्यानंतर केंद्र सरकारने पुन्हा बजावले की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सहसा देण्याजोगी नाहीत. तरीही मुलाचे वयही न विचारता काउंटरवरून बाटली दिली जाते, हे मी स्वतः पाहिले आहे. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणून अँटिबायोटिक मागणेही तितकेच चुकीचे आहे. साध्या विषाणूजन्य सर्दीतही तो रंग येतो.

पालकांनी शिकावे ते श्वास मोजणे. मूल शांत असताना पोटाकडे पाहत घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजावे. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे श्वास साठ किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत पन्नास किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जाऊ लागली, तर घरगुती उपाय तिथेच थांबवून रात्र असली तरी दवाखाना गाठावा.

आपल्या दैनिकाने हे आकडे हिवाळाभर ठळक चौकटीत छापावेत, अशी माझी विनंती आहे, म्हणजे ते कापून गॅसच्या ओट्यामागे चिकटवता येतील.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
प्रतापनगर, नागपूर