सासूबाईंबद्दल लिहिताना

सास्काटून

चि. मधुरास,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेला सासूबाईंच्या श्रद्धांजलीचा मजकूर वाचला. त्या 97 वर्षं जगल्या आणि तू त्यांना 'कष्टाळू, प्रेमळ, देवभोळ्या' एवढ्यात आवरलंस. कॅनडातल्या या सस्कॅचेवान प्रांतातल्या कुठल्याही शेतकरीण बाईच्या श्रद्धांजलीत हे तीन शब्द खपून जातील. त्यापेक्षा कोणतं काम, दिवसातून किती वेळा आणि चुकलं तर काय व्हायचं, ते लिही.

तळघरातल्या क्रीम सेपरेटरपासून, म्हणजे दुधातून साय वेगळी काढणाऱ्या हातयंत्रापासून सुरुवात कर. त्यात दूध धारोष्ण असतानाच ओतायचं. गार झालं की साय नीट सुटत नाही. साय काढलेल्या दुधाबरोबर तीही वासरांच्या नि डुकरांच्या पुढ्यात जाते, म्हणजे पैसेच गेले. हँडल मिनिटाला किती वेळा फिरवायचं हे बऱ्याच यंत्रांवर कोरलेलं असतं, बघ सापडतं का. हँडलला घंटा असेल तर वेग कमी असेपर्यंत ती वाजत राहते. ती गप्प झाली की दुधाची तोटी उघडायची. आधी उघडली तर साय पातळ येते.

खरा जाच धुण्याचा. आतल्या भांड्यात पत्र्याच्या शंकूसारख्या कितीतरी चकत्या एकावर एक बसतात. त्या काढून, तारेच्या कडीत ओवून, कढत पाण्यात धुवायच्या आणि पुन्हा त्याच क्रमाने लावायच्या. क्रम चुकला तर भांडं तोल सोडून थरथरतं. धुण्यात कुचराई झाली तर फटीतलं दूध आंबतं, पुढच्या सायीला वास लागतो आणि क्रीमरीत, म्हणजे साय विकत घेऊन लोणी करणाऱ्या कारखान्यात, तिची प्रत खाली येते. सायीचा दर तिच्या प्रतीवर आणि स्निग्धांशावर मिळायचा. म्हणून उन्हाळ्यात कॅन दोराने विहिरीत सोडून गार ठेवायचे आणि गाडीच्या दिवशी स्टेशनवर पोचवायचे. रिकामा कॅन परत यायचा, पाठोपाठ चेक.

तो चेक कुणाच्या नावाने यायचा, हे जावईबापूंना आणि नणंदेला वेगवेगळं विचार. गव्हाचा पैसा सुगीनंतर. किराणा, बूट, शाळेची वही हे वर्षभर सायीवर आणि अंड्यांवर चालायचं. गारपिटीने किंवा तांबेऱ्याने पीक गेलं की घर त्याच पैशांवर तगायचं.

पाण्याबद्दलही चार ओळी हव्यात. तिथल्या बऱ्याच विहिरींचं पाणी जड असतं, साबणाला फेस येत नाही, कपड्यांवर राखाडी साका बसतो. त्यासाठी पावसाचं पाणी साठवायचं, हिवाळ्यात बर्फ वितळवायचा. साधारण दहा बादल्या भुसभुशीत बर्फाचं एक बादली पाणी होतं. आता धुण्याच्या दिवसाचा हिशेब तूच कर. वीज कधी आली तेही नक्की करून घे. प्रांताचा ग्रामीण विद्युतीकरणाचा कायदा 1949 चा, पण तारा शेताशेतावर निरनिराळ्या वर्षी पोचल्या. ते वर्ष कळलं की आयुष्याचे दोन भाग आपोआप पडतील.

आता कागद. जमिनीचं वर्णन 'एनडब्ल्यू 14-22-8-डब्ल्यू 3' अशा थाटाचं असतं: मोजणीच्या तिसऱ्या मध्यान्हरेषेच्या (मेरिडियनच्या) पश्चिमेची 8 वी रेंज म्हणजे उभा पट्टा, त्यातली 22 वी टाउनशिप म्हणजे चौकोन, तिच्यातल्या 14 व्या सेक्शनचा वायव्य चतुर्थांश. सेक्शन म्हणजे 640 एकर, त्याचा पाव भाग 160. टाउनशिपमध्ये 36 सेक्शन. आकडे आग्नेय कोपऱ्यातून सुरू होऊन नागमोडी जातात, त्यामुळे नकाशावर भलतंच शेत धरू नकोस. हे वर्णन हाती असलं की प्रांताच्या अभिलेखागारात होमस्टेडची, म्हणजे सरकारने वसवायला दिलेल्या जमिनीची फाइल सापडते. कोणत्या वर्षी किती एकर पडीक जमीन नांगरली, घर केवढं, गुरं किती, सगळं त्यात असतं. नाव मात्र सासऱ्यांच्या वडिलांचं. 1872 च्या कायद्याने 10 डॉलर फी भरून 160 एकर मिळत, पण 1876 पासून बाईला ती कुटुंबप्रमुख असेल तरच, म्हणजे बहुधा विधवा असेल तर. आपल्या सातबाऱ्यावर बाईचं नाव शोधण्यासारखंच.

नंतरही फार फरक पडला नाही. अल्बर्टातल्या आयरीन मर्डॉकबाईंनी वर्षानुवर्षं कुरणावर गवत कापलं, ट्रॅक्टर चालवला, गुरं हाकली. पण 1973 मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने मालमत्तेत त्यांचा वाटा मानला नाही. शेतकऱ्याची बायको करतेच ते, असा एकूण सूर. न्यायमूर्ती लास्किन तेवढे या निकालाच्या विरोधात गेले. त्यावर एवढा गहजब झाला की पुढच्या काही वर्षांत प्रांतांना कायदे बदलावे लागले. सासूबाई तेव्हा सेहेचाळीस वर्षांच्या. शेताच्या कागदावर त्यांचं नाव लागलं का, आणि कधी, एवढं जरूर बघ.

1931 ची जनगणना आता खुली आहे, त्यात त्या तीन-चार वर्षांच्या असतील. आडनावाचं स्पेलिंग वाट्टेल तसं लिहिलेलं असतं. पहिलं नाव आणि वय धरून शोध. 1980 मध्ये प्रांताला 75 वर्षं झाली तेव्हा गावोगावी स्थानिक इतिहासाची जाडजूड पुस्तकं निघाली. सासूबाईंच्या गावाचंही असेल. सूचीत लग्न झालेल्या बायका कधी कधी 'मिसेस' आणि नवऱ्याच्या आद्याक्षरांखाली दडलेल्या असतात.

आणि अंड्यांच्या हिशेबाची वही रद्दीत जाऊ देऊ नकोस. पेन्सिलीचे आकडे पुसट झाले असतील तर फ्लॅश न मारता, खिडकीजवळ वही तिरकी धरून फोटो काढ. कागदावर उठलेल्या खुणा दिसतील. कोरी पानंसुद्धा काढ, कधी मधेच एखादा पावाचा हिशेब किंवा विणीची तारीख निघते.

तुझे,
बाबा