रॉबेन बेटावरच्या गाइडकाकांना

सप्रेम नमस्कार,

पत्र मराठीत, म्हणजे तुमच्यापर्यंत पोचणार नाहीच. केपटाउनला जाणारी आपली माणसं तरी वाचतील.

आईला येतानाच बोट लागली होती. त्यात बसमधून चुनखडीची खाण बघून उतरलो, आणि तिची आधाराची छत्री बसमध्येच राहिली. या बेटावर कैदेत असताना त्या खाणीत राबून, तिथल्या पांढऱ्याफटक उजेडाने मंडेलांचे डोळे कायमचे अधू झाले. 1995 साली ते जुन्या सोबत्यांबरोबर परत आले, तेव्हा प्रत्येकाने ठेवलेल्या दगडांचा ढीग तिथे अजून आहे. आईला तो बसमधूनच बघावा लागला.

तुरुंगाच्या दारात तुम्ही भेटलात. ‘मीही इथला कैदी होतो,’ एवढंच सांगून चालायला लागलात. आई मागे पडली तशी तुम्ही वीस माणसं थांबवलीत, तिला बाकावर बसवलंत आणि जेवणाच्या तक्त्याची गोष्ट तिथेच सुरू केलीत.

तो तक्ता मी विसरणार नाही. कैदी एकाच तुरुंगातले, पण रकाने दोन. ‘एशियाटिक’ (म्हणजे आपल्यासारखे भारतीय वंशाचे) आणि मिश्रवर्णीयांना मांस 6 औंस, आफ्रिकन कैद्यांना 5. ब्रेड आणि जॅम पहिल्या रकान्यात, दुसऱ्यात शून्य. मंडेला आणि त्यांचे सोबती वॉल्टर सिसुलू यांना अर्धी चड्डी, तर त्यांच्याच खटल्यातल्या अहमद कथराडांना भारतीय वंशाचे म्हणून पूर्ण विजार! मी आईला मराठीत सांगितलं. ती म्हणाली, ‘म्हणजे आपल्याला पोळी आणि यांना नाही?’ तुम्ही अर्थ विचारलात. मला सांगताना लाज वाटली. तुम्ही मात्र मोठ्याने हसलात.

मंडेलांच्या कोठडीपाशी फोटोंची झुंबड उडाली. (466/64 हा त्यांचा कैदी क्रमांक छापलेले टी-शर्ट घालूनच काही जण आले होते, असो.) आईने तेवढ्यात डब्यातली गूळ-तुपाची पोळी गुंडाळून तुमच्या हातात ठेवली. तुम्ही ती उभ्या उभ्या संपवलीत, बोटं चाटलीत.

परतताना धक्क्यापर्यंत वारा असा की मलाच धड चालवेना. आईचा हात धरून तुम्ही शेवटपर्यंत आलात, बोट सुटेपर्यंत थांबलात. पुढची मंडळी दारात तुमची वाट बघत असणार. या सगळ्यासाठी मनापासून आभार.

छत्री सापडलीच तर तुम्हीच वापरा, असा आईचा निरोप आहे. उघडताना मात्र दोनदा झटकावी लागते.

आपली,
पुण्याची एक पाहुणी