पडद्यावरचा मुकुंद

महोदय,

मिलिंद बोकीलांची 'शाळा' ही कादंबरी इतक्यांदा वाचली आहे, की माझ्या प्रतीची शिवण सुटली; आता रबरबँड लावून ठेवते. त्यामुळे सुजय डहाके यांचा तिच्यावरचा २०१२चा चित्रपट परवा पुन्हा पाहतानाही धाकधूक होतीच. अंशुमन जोशी आणि केतकी माटेगावकर नुसत्या नजरेनं बोलतात, तिथे तक्रारीला जागा नाही. जितेंद्र जोशीचा नरुमामा तर पुस्तकातून उठून आल्यासारखा. पण कादंबरी चालते ती तिच्या शाळकरी नायकाच्या, मुकुंदच्या मनातल्या बडबडीवर. अर्धवट बांधलेल्या बिल्डिंगमधल्या पोरांच्या टवाळक्या पडद्यावर दिसतात. त्याचं स्वतःशी चाललेलं तिरकस बोलणं मात्र बरंचसं गळलं. राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्याचा आनंदच आहे. त्या रात्री रबरबँड काढलंच, आणि दोन वाजले.

— एक वाचक, डोंबिवली