पाण्यातला सिग्नल वाचायला शिकवणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

गेल्या पावसाळ्यात तुम्ही माझ्यासाठी एवढा वेळ काढलात, त्याबद्दल आज सगळ्यांसमोर तुमचे आभार मानते. तुम्ही माझ्या गाईड नव्हता, तुमची संस्थाही वेगळी. तरी रत्नागिरीजवळच्या समुद्रात घेतलेली आमची रेकॉर्डिंग्ज मागवून घेतलीत आणि पाण्यातून आवाजाने पाठवलेली ओएफडीएमची (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर माहिती पाठवायच्या पद्धतीची) पॅकेट का उलगडत नाहीत, हे शोधायला माझ्याबरोबर बसलात.

कोड तुम्ही उघडूच दिला नाहीत. पॅकेटच्या सुरुवातीचा आणि शेवटचा चर्प (फ्रिक्वेन्सी सरकत जाणारा खुणेचा आवाज) शोधून दोन्हींमधलं अंतर आधी मोजायला लावलंत. पाठवताना १ सेकंद असलेलं अंतर हायड्रोफोनवर, म्हणजे पाण्यातल्या मायक्रोफोनवर, १ मिलिसेकंदाने कमी भरलं. ९६ किलोहर्ट्झ सॅम्पलिंगला (सेकंदाला ९६ हजार नोंदी) पूर्ण ९६ सॅम्पल! पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १५०० मीटर जातो, म्हणजे होडी सेकंदाला दीड मीटरने जवळ येत होती. (तांडेलकाकांनी वेग इतका एकसारखा ठेवला होता, त्यांचेही आभार.) रेडिओत याच वेगाचा परिणाम २ लाख पटींनी कमी असतो. पाण्यात मात्र अख्खा सिग्नलच आक्रसतो किंवा ताणला जातो: २० किलोहर्ट्झचा सबकॅरियर (माहिती वाहणाऱ्या अनेक फ्रिक्वेन्सींपैकी एक) २० हर्ट्झने सरकतो, ३० चा ३० ने. म्हणून आधी रीसॅम्पलिंग (सिग्नल पुन्हा मूळ लांबीचा करणं), मग चॅनेल एस्टिमेशन (पाण्याने सिग्नल कसा बदलला याचा अंदाज), हा क्रम तुम्ही पक्का करून घेतलात.

खरी मजा पुढेच होती. थेट आलेला आवाज आणि लाटेवर आपटून आलेला आवाज यांचा डॉप्लर (वेगामुळे होणारं हे आक्रसणं-ताणणं) सारखा नसतो, कारण लाट स्वतःच हलत असते. एका रीसॅम्पलिंगने सगळ्या वाटा सरळ होत नाहीत. "प्रत्येक वाटेला तिचा डॉप्लर दे," तुम्ही म्हणालात. ठळक वाटा मोजक्याच असतात, तेव्हा उशीर आणि डॉप्लर यांच्या जोड्यांची जाळी मांडायची आणि मॅचिंग परस्यूटने, म्हणजे सर्वांत ठळक वाट शोधून ती वजा करत, एकेक वाट वेचायची. थेट वाट वजा केल्याबरोबर तिच्याआड दडलेली पृष्ठभागावरची वाट स्क्रीनवर वर आली, तेव्हा तुम्ही टेबलावर थाप मारलीत. तो आनंद मला फार मोलाचा वाटतो.

स्टोयानोविच, कॅटिपोविच आणि प्रोआकिस यांचा पाण्यातल्या ध्वनिसंदेशांवरचा १९९४ चा शोधनिबंधही तुम्ही ओळ न् ओळ वाचून घेतलात. इक्वलायझर (प्रतिध्वनींची सरमिसळ सोडवणारा) आणि फेज लॉक्ड लूप (फेजचा बदल पकडून ठेवणारा) एकत्रच का चालवायचे, हे मला तेव्हा उमगलं.

प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच कामावर उभं आहे. मसुदा पाठवला आहे. डॉप्लरच्या जाळीतली पायरी आणखी बारीक करावी का, तेवढं बघून सांगाल?

तुमची ऋणी,
एक संशोधक विद्यार्थिनी