हॅमर कोरलसाठी धावून आलेल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला लागलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून हे जाहीर पत्र. खाऱ्या पाण्याची लहान टाकी सांभाळणाऱ्या आणखी कुणाला त्यातलं काही उपयोगी पडलं तर तेही तुमच्याच खात्यावर.

माझ्या साठ लिटरच्या टाकीतलं हॅमर कोरल, म्हणजे हातोडीसारख्या टोकांचं जिवंत प्रवाळ, आक्रसायला लागलं, तेव्हा सल्ल्यांना तोटा नव्हता. कुणी म्हणालं आयोडीन घाल, कुणी अमिनो ॲसिड, कुणी लाइटच बदल. जो तो एक बाटली घेऊन तयार. तुम्ही मात्र आधी विचारलंत, "सगळीकडून आक्रसलंय की एकाच बाजूने?"

एकाच बाजूने. डावीकडचे टेंटॅकल (बोटांसारखे मऊ तंतू) भर दिवसाही मिटलेले, त्यांच्याखाली सांगाड्याची पांढरी कड उघडी पडलेली. उजवीकडची हातोडीच्या आकाराची टोकं मात्र मजेत डुलत होती. पाणी बिघडलं असतं तर त्याने असं डावं-उजवं केलं नसतं, हे तुमचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं.

तरी पाणी तपासायला लावलंतच. आधी रिफ्रॅक्टोमीटर (पाण्यातलं मीठ मोजायचं उपकरण) 35 पीपीटीच्या, म्हणजे हजारात 35 भाग मिठाच्या, द्रावणावर जुळवून घ्या, मग सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, सांगा. लहान टाकीत पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तेव्हा रोजची भर गोड्या आरओ पाण्याचीच. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, 8 ते 9 डीकेएच (तिचं एकक) आहे हे ऐकूनही तुमचं समाधान नाही: रोज ठरावीक वेळी मोजा, आकडा हलतोय का ते बघायचंय. नायट्रेट शून्यावर तर गेलं नाही ना, हेही विचारलंत. कोरलच्या पेशींत राहणाऱ्या शैवालालाही पोट आहे; फार चकाचक पाण्यात कोरल फिकं पडतं. सगळे आकडे ठीक निघाले. पाणी हलतं ठेवणाऱ्या वेव्हमेकर पंपाचा झोतही थेट अंगावर येत नव्हता.

मग तुमची ती युक्ती. पंप बंद करायचा, चिमूटभर खाद्य सोडायचं आणि टॉर्च तिरपी धरून कोरलच्या डाव्या अंगाला नजर लावून बसायचं. थोड्याच वेळात पाण्यात कोळ्याच्या जाळ्यासारखे तलम धागे तरंगायला लागले. माग काढत गेलो तर दगडातून वर आलेली एक बारीक, कडक नळी. व्हर्मेटिड गोगलगाय! ही जागची हलत नाही. चिकट धागे सोडते आणि कण अडकले की धाग्यांसकट ओढून गिळते. तेच धागे कोरलला सतत डिवचत होते. काचेतून रोज बघत होतो ती टाकी, पण झोत चालू असताना हे धागे दिसणार कसे?

हातमोजे घालून नळी बुडापासून मोडली. जिथे चिमटा पोचेना, तिथे नळीच्या तोंडावर सुपरग्लू जेलचा थेंब. कोरल औषधी द्रावणात डिप करण्यापासून तुम्ही अडवलंत, तेही बरं झालं. आधीच दमलेल्या जिवाला उगाच बाहेर काढायचं नाही. मांस तपकिरी, बुळबुळीत होऊन सुटायला लागलं तरच वेळ न घालवता वेगळं करायचं, कारण तो रोग कोरलच्या शेजारच्या डोक्यांवर (फांद्यांच्या टोकांच्या जिवंत भागांवर) पसरतो. सुदैवाने तशी वेळ आली नाही. खरं सांगायचं तर बाटल्यांपेक्षा हे "काही करू नका" पाळणंच अवघड गेलं.

आता डावी बाजू दिवसा फुगते. उघड्या कडेवर शैवाल धरलंय, ती कड काही लगेच झाकली जाणार नाही. पण मांसाचं मागे सरकणं थांबलंय. हीटरच्या मागे दोन नळ्या अजून शिल्लक आहेत, त्यांचाही नंबर लागेल.

कोरल वाढलं की पहिली फांदी तुमची, नको म्हणू नका. माझ्या शब्दावर न विसंबता तुम्ही ती भिंगाखाली धरून नळ्या शोधणार, हे मला ठाऊक आहे. खुशाल शोधा.

तुमचा,
हॅमरवाला